डग्गा वेळेवर थांबला पाहिजे

मला स्पीकर हवे होते ते तबल्यासाठी. पुण्यातल्या ज्या ज्या दुकानात हे सांगितलं, तिथे समोरच्या माणसाने समजल्यासारखी मान डोलावली आणि लगेच कुठल्या तरी इंग्रजी सिनेमातला स्फोट ऐकवला. काच थरथरली की म्हणायचा, "सर, बास बघा." बास खरोखरच बघता येत होता, वूफरचा कोन पुढे-मागे होताना नुसत्या डोळ्यांना दिसत होता. पण स्फोट संपल्यावरही खोलीत काहीतरी घुमत राहायचं. त्याला तो गुण वाटत होता, मला खोट.

आमचं घर मुळशीत, पौड सोडून कोळवणकडे वळल्यावर लागतं. कोथरूडचा फ्लॅट मुलीच्या हवाली करून आम्ही तिघं, मी, बायको आणि आई, इथे राहायला आलो. बसायची खोली अठरा फूट बाय तेरा, उंची दहा. खाली शहाबादी फरशी, एक भिंत उघड्या काळ्या दगडाची, बाकीच्या गिलाव्याच्या, वर स्लॅब. पडवीवर पत्रा. जुने स्पीकर इथे आणून लावले तर कोनाभोवतीच्या फोमच्या कडेला बोट लागताच तिचा भुगा झाला. वीस-पंचवीस वर्षांचा फोम आपल्या दमट हवेत असाच जातो. रबराची कड त्यामानाने टिकते. तेव्हा नवे घेताना फोमची कड नको, एवढी एक गोष्ट दुकानात पाय ठेवण्याआधीच ठरली होती.

दुसरी गोष्ट तबल्याने ठरवली. तबल्याला सूर असतो. बाकीच्या बहुतेक चर्मवाद्यांचा आवाज नुसता आघाताचा. तबला-मृदंगाच्या पुडीवरची शाई मात्र वरच्या स्वरांना मूळ स्वराच्या पटीत आणून बसवते. १९२० साली रामन यांनी यावर लिहिलं, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून जगभर नाव होण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे चाटीवरचा 'ना' स्पीकरमधून स्वर म्हणून यायला हवा. वाईट स्पीकरमध्ये तो नुसता 'टक' होतो. ही झाली उजव्या हाताची बाजू, आणि ती सांभाळणारे स्पीकर बरेच मिळतात. घोडं अडतं ते डग्ग्यापाशी. 'घे'चा घुमारा मनगटाच्या दाबाने वर चढतो आणि 'के' वाजताना पंजा सपाट पडला की तिथेच मरतो. वाजवणाऱ्याने आवाज बंद केला त्या क्षणी तो माझ्या खोलीतही बंद झाला पाहिजे. जलद, चपळ, जिवंत आवाज म्हणून लोक जे शोधत असतात त्यातला मोठा भाग मला वाटतं इथेच असतो. आवाज किती झटकन सुरू होतो हे सगळे विचारतात. तो किती लवकर आटपतो हे कुणी विचारत नाही.

मी पेनड्राइव्हवर मोजकंच घेऊन फिरायचो. एक तबल्याचं एकल वादन. ढोलकीची एक लावणी, कारण ढोलकीच्या तोड्यात लपायला जागा नसते. आणि १९६७ सालचं 'कॉल ऑफ द व्हॅली': शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूरसारखी परीक्षा नाही. शंभराच्या आसपास तारा आणि त्यांवर अक्रोडाच्या लाकडाच्या हलक्या कलमांचे आघात. आघात झाल्यावर हाताने दाबून तार थांबवण्याची फारशी सोय नाही, म्हणजे मागच्या तारांचा झंकार चालू असतानाच पुढचा आघात वेगळा ऐकू यायला हवा. मंद स्पीकरमध्ये संतूरची द्रुत गत नुसती चमचमते. चांगल्यामध्ये प्रत्येक टिपका मोजता येतो.

एका दुकानातला तरुण मुलगा चांगल्या कानाचा निघाला. त्याने स्फोट बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, तुम्ही ऐकताना मांडीवर टाळी देताय, ती मुद्दाम का?" मुद्दाम नव्हती. ग्लासगोच्या लिन कंपनीचे लोक सत्तरच्या दशकापासून सांगत आले आहेत की यंत्रं पारखायची असतील तर 'बास किती, ट्रेबल किती' करत बसू नका, वाजणारी चाल मनातल्या मनात गुणगुणता येते का तेवढं बघा. आपल्याकडे हे काम हात करतो. ज्या स्पीकरवर मला सम आपोआप सापडत होती ते एका बाजूला, आणि जिथे समेवर येताना किंचित चाचपडल्यासारखं होत होतं ते दुसऱ्या. दुसऱ्या ढिगात महागडे बरेच होते.

असं का होतं ते त्या मुलामुळेच नीट समजलं. आजकालच्या बहुतेक स्पीकरांना मागे किंवा पुढे एक गोल भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठरावीक सुरात घुमते, तशी त्या भोकातली हवा चाळीस-पन्नास हर्ट्झच्या आसपास घुमते आणि छोट्या पेटीतून मोठा बास निघतो. फुकट काही मिळत नाही. ती हवा जागी व्हायला वेळ घेते आणि झोपायलाही घेते. डग्ग्याचा खालचा भाग काही मिलिसेकंद मागे राहतो, शेपूट लांबते, आणि कानाला वाटतं की तबलजी एक आणि डग्गा वाजवणारा दुसरा. बंद पेटीत हे निम्म्याने तरी कमी. तिचा बास आधीपासूनच उतरायला लागतो, पण सावकाश, सप्तकामागे बारा डेसिबलने. पोर्टवाली पेटी भोकाच्या सुरापर्यंत टिकते आणि मग चोवीसने कोसळते. बंद पेटीची ही युक्ती अमेरिकेतल्या एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये विक्रीला आणली. पुढची वीसेक वर्षं चांगल्या घरगुती स्पीकरांत तिचा मोठा दबदबा होता. मग छोट्या पेटीतून जास्त बास हवा झाला आणि भोकं आली.

'हलका कोन म्हणजे जलद बास' असं दुकानात ठोकून सांगतात, त्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. साठ हर्ट्झला कोनाने सेकंदाला साठ फेऱ्या मारायच्या, तो कागदाचा असो की आणखी कशाचा. प्रश्न लगाम कुणाच्या हातात आहे याचा असतो: चुंबक, पेटीतली हवा आणि ॲम्प्लिफायर.

एका भल्या दुकानदाराने दोन जोड्या घरी नेऊन ऐकायची परवानगी दिली. त्याचे उपकार मोठे, कारण दुकानात पहिली आलेली जोडी आमच्या खोलीत साफ नापास झाली. आधी खोलीच तपासायला हवी म्हणून मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. 'टर्रर्र' असं काहीतरी समोरासमोरच्या भिंतींतून पळत गेलं. हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांना १८९५ मध्ये असंच एक व्याख्यानगृह दुरुस्त करायला दिलं होतं, ज्यात वक्त्याचं बोलणंच कळत नव्हतं. रात्री सगळं निजल्यावर ते शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून तिथे आणायचे, ऑर्गनची नळी वाजवायचे आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचे. पहाटे गाद्या परत. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही चालतं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या आवाज शोषणाऱ्या पृष्ठाने भागा. आमची खोली सुमारे सहासष्ट घनमीटर. फरशी, दगड आणि गिलावा जेमतेम तीन टक्के आवाज शोषतात. रिकाम्या खोलीचा हिशेब तीन सेकंदांच्या वर गेला. द्रुत कायद्यात सेकंदाला आठ-दहा बोल सहज पडतात. म्हणजे पंचविसावा बोल पडत असताना पहिला अजून भिंतींवर आपटतोच आहे. अशा ठिकाणी लाखाचा स्पीकर काय करणार?

आईच्या गोधड्या कामाला आल्या. दगडी भिंतीसमोर बांबूवर दोन टांगल्या, फरशीवर जाड सतरंजी पसरली, पुस्तकांची कपाटं मागच्या भिंतीला गेली. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "हे वाळत घातलंय की कायमचं?" कायमचं, म्हटलं. टाळीचा टर्र गेला. पण गोधडी वरचेच आवाज खाते, बासला तिचं काही वाटत नाही. खोलीचं तेरा फुटांचं माप त्रेचाळीस हर्ट्झच्या अर्ध्या लाटेला अगदी चपखल बसतं, तिथे खोली आपणहून गुणगुणते. आणलेल्या जोडीचं पोर्ट नेमकं त्याच सुमाराला लावलेलं. दोघांनी मिळून डग्ग्याचा पार ढोल केला. पोर्टमध्ये पायमोज्यांचे बोळे कोंबले, स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ओढले, तेव्हा कुठे तो डग्गा झाला. ज्यांच्याकडे आधीच पोर्टवाले स्पीकर आहेत त्यांनी नवे घेण्याआधी मोज्यांचा प्रयोग जरूर करावा. काही कंपन्या तर त्यासाठी फोमचे बोळे सोबतच देतात.

मधल्या काळात बाकीचे रस्तेही चाचपून झाले. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरात कोन नसतोच, केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा पडदा विद्युतदाबाने हलतो. १९५७ मध्ये पीटर वॉकर यांनी इंग्लंडात क्वाड कंपनीचा असा स्पीकर काढला, आणि पुढे अशा पडद्याला कोनाचा वूफर जोडलेले संकरित स्पीकर पुण्यात केडन्स या नावाने बनले, जुन्या शौकिनांच्या तोंडी ते नाव अजून आहे. 'ना' त्याच्यावर ऐकावा. पण पडद्यावर हजारो व्होल्ट, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत चोवीस तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. आम्ही घाटाच्या अलीकडचे, तरी हवा तीच. मोह आवरला. एकाच पूर्ण पल्ल्याच्या कोनावर जवळजवळ सगळं वाजवणारे स्पीकर कोचीचे वास्तुरचनाकार जेकब जॉर्ज 'रेथम' नावाने करतात. आवाज दोन कोनांत वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचा सांधा त्या कोनाच्या वाटेत येत नाही, त्यामुळे आवाज एकजीव. ते माझ्या साठ हजारांच्या मर्यादेच्या फार पलीकडचे. बीबीसीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाडीसाठी केलेला एलएस३/५ए हा छोटा बंद पेटीचा मॉनिटर एका परिचितांकडे ऐकला. माणसाचा आवाज असावा तर असा. पण त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीवर निघणारा आवाज, ब्याऐंशी-त्र्याऐंशी डेसिबल. दर तीन डेसिबलला ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते, आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्याला ओरडायला लावणं म्हणजे त्याचाच छळ.

शेवटी घेतली ती वापरलेली जोडी. कर्वेनगरला एक निवृत्त इंजिनिअर घर आवरत होते, त्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातले आठ इंची वूफरचे, बंद पेटीचे, एकोणनव्वद डेसिबलचे स्पीकर होते. मॉडेल केव्हाच बंद पडलं, त्यामुळे नाव सांगून कुणाला उपयोग नाही. त्यांनी माझ्यासमोर थिरकवाँच्या तबल्याची रेकॉर्ड लावली आणि स्वतः आत चहा टाकायला गेले. ते परत आले तेव्हा मी पैशांचं बोलायला लागलो होतो. वूफरची कड तपासली, रबराची होती, पण एकीकडे सुटली होती. बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास अशी कामं करणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्यापैकी एकाने कड चिकटवली, कॉईल घासत नाही ना हे कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबून बघितलं आणि क्रॉसओव्हरमधले जुने कपॅसिटर बदलले. "पेटी उघडी ठेवू नका," एवढंच म्हणाला. बंद पेटी म्हणजे खरंच हवाबंद हवी. मागच्या टर्मिनलभोवती फट राहिली तरी सगळा डाव फसतो.

स्टँड गावातल्या सुताराने सागवानी केले. वजन कमी पडत होतं, थाप पडली की हलके स्टँड स्वतःही डोलतात आणि आघाताची धार बोथट करतात. मागच्या अंगणात आईचं जुनं जातं पडून होतं. दोन दगड, दोन स्टँड. आईला विचारल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. ती म्हणाली, "पाय लागता कामा नये. बाकी त्याच्यावर गाणीच व्हायची, ठेव." वरची तळी पातळ भरली, तिच्याखाली फळी सारून उंची जुळवली, ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाशी आणले.

जात्यावरून आठवलं म्हणून आईला ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि त्यातल्या कित्येक आमच्या मुळशीतल्या बायकांच्या, कोळवडे, नांदगाव अशा गावांतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं आणि आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने ते सगळ्यांना खुलं केलं आहे. त्यात ना तबला ना डग्गा, एका बाईचा साधा गळा. मला वाटलं होतं स्पीकरची परीक्षा घ्यायला त्यात काही नाही. आई मूळची मावळातली. दुसरी ओळ मुद्रणातली बाई म्हणायच्या आधी हिने म्हटली, आणि मग म्हणाली, "ही घरात बसून म्हणतीय. सारवलेलं घर आहे." ते कशावरून, विचारलं तर तिला सांगता आलं नाही. मी पुन्हा ऐकलं. आवाजामागे खोली जवळजवळ नाहीच, शब्द संपला की संपला. माती आणि शेणाच्या भिंतींनी जे आपसूक दिलं होतं त्यासाठी मी बांबूवर गोधड्या टांगल्या होत्या.

पावसाळ्यात एक गोष्ट नव्याने कळली. पत्र्यावरचा पाऊस सलग, सगळ्या पट्ट्यांत पसरलेला आवाज. त्याच्यात तानपुरा बुडतो, बासरी अर्धी बुडते, लांबलेला बास तर पावसाचाच भाग होऊन जातो. ज्याला धार आहे तेवढं वर राहतं, चाटीचा 'ना', संतूरचा टिपका, ढोलकीची थाप. जुलैत मी विलंबित ख्याल लावत नाही, नोव्हेंबरपर्यंत थांबतो. आणि वळवाच्या दिवसांत ढग वाजायला लागले की आधी प्लग काढतो. ॲम्प्लिफायर विमा उतरवून आलेला नाही.

बंद पेटीचा एक फायदा कुठल्याच परीक्षणात वाचलेला नव्हता. दुकानातून आलेली ती पोर्टवाली जोडी उन्हाळ्याचे थोडे दिवस घरात होती, तेवढ्यात एका पोर्टच्या काठावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधायला घेतलं होतं. मी ते ओल्या फडक्याने पुसून स्पीकर परत केले. भोक दिसलं की आमच्याकडे कुणीतरी राहायला येतंच, माशी नाही तर पाल.

गावातले भजनी मंडळाचे पखवाजवाले बुवा एका संध्याकाळी आले. नुसते दारात उभे राहून ऐकत होते. पखवाजाचं एक जुनं मुद्रण लावलं तर आत येऊन बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "साहेब, याने धूमेला कणीक जरा जास्तच लावलीय." डाव्या पुडीवर ओली कणीक किती, हे ज्या स्पीकरवर कळतं त्याचं आणखी कुठलं मोजमाप मला नको होतं. पण बुवा त्यासाठी आले नव्हते. देवळात सप्ताहासाठी पंधरा इंची दोन मोठे स्पीकर घेतले होते आणि कीर्तनातलं अक्षर कळत नव्हतं. "तुमचं बघून यावं म्हटलं. हेच घ्यावेत का दोन?"

मी त्यांच्याबरोबर देवळात गेलो. जीर्णोद्धारात खाली ग्रॅनाइट बसवलेलं, भिंतींना छातीपर्यंत चकचकीत टाइल, वर घुमट. मधोमध उभं राहून टाळी वाजवली. ती घुमटात गेली, गाभाऱ्यात गेली, परत आली. बुवांनीही एक वाजवून पाहिली.

"स्पीकर बदलून काही होणार नाही बुवा," म्हटलं. "आहेत तेच खाली घ्या, लोकांच्या डोक्याच्या जरा वर, आणि आवाज निम्म्यावर आणा. खाली सगळीकडे सतरंज्या पसरा. भिंतींनाही टांगल्या तर उत्तम."

"सतरंज्या मंडळाच्या भरपूर आहेत की," बुवा म्हणाले. "पण आता लग्नसराई. त्या अक्षयतृतीयेपर्यंत काही गावात नसतात."